लिनक्सवर स्क्रीनशॉट काढून त्यावर खुणा करायच्या, त्याही पटापट: माझी रोजची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकतेच लिनक्सवर आलात, कामासाठी दिवसाला पंधरा-वीस स्क्रीनशॉट काढून त्यावर बाण, आकडे, चौकटी टाकून लोकांना पाठवावे लागतात. सध्या प्रिंट स्क्रीन दाबता, फाइल सेव्ह होते, ती जिंपमध्ये, म्हणजे फोटो एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडता, बाण काढता, एक्स्पोर्ट करता, मेलला जोडता, आणि एकेका चित्रामागे चार-पाच मिनिटं जातात. कोणीतरी सुचवलं म्हणून फ्लेमशॉट हे स्क्रीनशॉट काढून त्यावरच खुणा करायचं टूल टाकलं तर ते धड चालत नाही. मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स आणि सपोर्टची उत्तरं लिहायचं काम बरीच वर्षं लिनक्सवरच करतोय, त्यामुळे यातलं बहुतेक सगळं हाताखालून गेलंय, सविस्तरच सांगतो.

आधी वेळ नेमका कुठे जातो ते बघा. चित्र काढायला एक सेकंद लागतो, बाण काढायला तीन-चार. बाकीचा सगळा वेळ फाइलच्या मागे पळण्यात जातो, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात पडली ते शोधा, जिंप उघडेपर्यंत थांबा, एक्स्पोर्ट करताना नाव द्या, मग मेलमध्ये परत तीच फाइल शोधून जोडा. म्हणून माझा नियम असा आहे की जे चित्र एकदाच कोणालातरी पाठवायचंय त्याची फाइल बनवायचीच नाही. की दाबली, भाग निवडला, तिथल्या तिथे खूण केली, कंट्रोल सी, आणि चॅटमध्ये किंवा मेलमध्ये कंट्रोल व्ही. डिस्कवर काही उतरलंच नाही तर शोधायचं काय? जिंप फोटोसाठी उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, पण त्यात बाण काढायचं सरळ टूलच नाही, त्यामुळे या कामासाठी ते हातात घेऊच नका.

आता फ्लेमशॉट का चालत नाही ते. लिनक्स डेस्कटॉपवर स्क्रीन रंगवायच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक्स११ मध्ये कुठलाही प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन वाचू शकतो, कोणाला विचारायची गरज नाही. स्क्रीनशॉटच्या टूल्सना ते सोयीचं, पण हाच दरवाजा पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमलाही उघडा असतो. वेलँडने तो दरवाजा बंद केला. तिथे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसतच नाही, स्क्रीनचं चित्र हवं असेल तर ते कंपोझिटरकडे, म्हणजे सगळ्या खिडक्या मिळून स्क्रीन रंगवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, मागावं लागतं, बहुतेक वेळा पोर्टल नावाच्या मध्यस्थामार्फत, आणि तो तुम्हाला परवानगी विचारतो. त्या खिडकीत चुकून नकार दिलात तर तो नकार लक्षात ठेवला जातो, आणि पुढे तुम्ही कितीही वेळा की दाबा, काहीच होत नाही. त्यात नोम या डेस्कटॉपच्या ४१ व्या आवृत्तीपासून स्क्रीनशॉटची जुनी अंतर्गत सोयसुद्धा बाहेरच्या प्रोग्रॅम्सना बंद केली, त्यामुळे फ्लेमशॉटसारख्यांना पोर्टलचाच रस्ता धरावा लागला. दोन मॉनिटर असतील आणि दोघांचं स्केलिंग वेगळं असेल तर अजून गडबड होते, निवडीचा पडदा भलत्याच आकारात येतो. तेव्हा तुमचं काही चुकलेलं नाही.

तुमच्याकडे काय आहे ते सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या माहितीत विंडोइंग सिस्टिम किंवा ग्राफिक्स प्लॅटफॉर्म अशा नावाखाली लिहिलेलं असतं. ते आधी बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

केडीई हा डेस्कटॉप असेल तर काम सगळ्यात सोपं. स्पेक्टॅकल हे त्यांचं स्वतःचं टूल, २०१५ च्या शेवटी जुन्या केस्नॅपशॉटच्या जागी आलं आणि २०२० च्या शेवटापासून त्यात खुणा करायची सोयही आहे. मेटा (विंडोजचं चिन्ह असलेली की), शिफ्ट आणि प्रिंट एकत्र दाबा की थेट भाग निवडायला येतो. अलीकडच्या आवृत्त्यांत निवड चालू असतानाच खाली टूल्सची पट्टी दिसते, बाण, चौकट, हायलायटर, मजकूर, क्रमाने वाढणारे आकडे, सगळं आहे, आणि काढून झालेला बाण परत पकडून हलवताही येतो. सेटिंगमध्ये जाऊन एवढंच करा की स्क्रीनशॉट घेतल्यावर चित्र आपोआप क्लिपबोर्डवर जावं. केडीईवाल्यांना माझा स्पष्ट सल्ला असा की दुसरं काहीही इन्स्टॉल करू नका.

नोमवर गोष्ट अर्धी आहे. नोम ४२ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रिंट दाबलं की छान पडदा येतो, त्यात भाग, पूर्ण स्क्रीन, खिडकी यातलं काय हवं ते निवडायचं, ऑल्ट प्रिंटने चालू खिडकी, शिफ्ट प्रिंटने पूर्ण स्क्रीन. चित्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात पडतं आणि क्लिपबोर्डवरही जातं. पण खुणा करायची सोय त्यात नाही. इथे मी काढायचं आणि रंगवायचं काम वेगळं करतो. काढायला नोमचं स्वतःचंच, कारण त्याला परवानगी मागावी लागत नाही आणि ते कधी अडत नाही. रंगवायला केस्निप हे खुणा करायचं टूल उघडून ठेवायचं आणि त्यात कंट्रोल व्ही करायचं, झालं. याहून वेग हवा असेल तर क्लिपबोर्डवरचं चित्र थेट खुणा करायच्या खिडकीत आणणारी की बांधता येते: डब्ल्यूएल पेस्ट नावाची छोटी कमांड क्लिपबोर्डचं चित्र बाहेर काढते, तिचं आउटपुट पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट सरळ दुसरीला देणाऱ्या | या चिन्हाने, स्वॅपी किंवा सॅटी या खुणा करायच्या टूलला द्यायचं. एक लक्षात ठेवा, नोमच्या कीबोर्ड शॉर्टकटच्या रकान्यात पाइप असलेली कमांड थेट चालत नाही कारण मध्ये अशी कमांड समजून चालवणारं शेल नसतं, त्यामुळे ती दोन ओळींची स्क्रिप्ट करून ठेवायची आणि शॉर्टकटमध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा. यावर लोक तासन् तास घालवतात, टर्मिनलमध्ये चालतंय आणि किवर चालत नाही म्हणून.

स्वॅपी की सॅटी? स्वॅपी जुनं आणि साधं, ए दाबलं की बाण, आर दाबलं की चौकट, टी दाबलं की मजकूर, हात कीबोर्डवरच राहतो. पण त्यात आकड्यांचे गोल नाहीत, सॅटीत आहेत. मला क्रमवार सूचना लिहायच्या असतात म्हणून मी सॅटीवर गेलो.

स्वे किंवा हायप्रलँड हे वेलँडचे कंपोझिटर वापरणाऱ्यांसाठी तर ही साखळी घरचीच आहे. स्लर्पने भाग निवडायचा, तो फक्त निवडलेल्या चौकोनाचे आकडे देतो, ते ग्रिमला द्यायचे, ग्रिम चित्र काढतो, आणि ते फाइलमध्ये न लिहिता पाइपने सॅटीला. तीन छोटे प्रोग्रॅम, प्रत्येकाचं एकच काम. माझ्या जुन्या लॅपटॉपवर की दाबल्यापासून खुणेची खिडकी उघडेपर्यंत डोळ्यांनाही वेळ जाणवत नाही.

आणि एक्स११ असेल तर बिनधास्त फ्लेमशॉटच लावा, तिथे त्याच्याइतकं हाताला बसणारं दुसरं नाही. शॉर्टकटमध्ये फ्लेमशॉट आणि पुढे जीयूआय हा शब्द, एवढंच. भाग निवडला की टूल्स त्याच चौकोनाच्या कडेला येतात, माउसचं चाक फिरवलं की रेषेची जाडी बदलते, राइट क्लिकने रंगांचं चक्र येतं, आणि आकड्यांचं टूल घेऊन नुसतं क्लिक क्लिक करत गेलं की एक, दोन, तीन असे गोल पडत जातात. शटर नावाचं जुनं आणि एकेकाळी सगळ्यांचं लाडकं टूल कोणीतरी सुचवेल, ते जुन्या लायब्ररींमुळे उबुंटूच्या भांडारातून काही काळ बाहेर गेलं होतं, नंतर नव्या जीटीके लायब्ररीवर आलं, पण ते एक्स११ च्या काळातलंच आहे, वेलँडवर त्याच्या मागे लागू नका.

आता एक त्रास जो सगळ्यांना होतो. उघडलेल्या मेनूचा फोटो हवा असतो, मेनू उघडता, प्रिंट दाबता, आणि काहीच होत नाही. एक्स११ मध्ये मेनू उघडा असताना तो कीबोर्ड स्वतःकडे धरून ठेवतो, म्हणून तुमची की डेस्कटॉपपर्यंत पोचतच नाही. उपाय म्हणजे वेळ लावून फोटो: आधी तीन सेकंदांचा उशीर लावायचा, मग निवांत मेनू उघडून बसायचं. यात आकडा जपून द्या, फ्लेमशॉटला उशीर मिलिसेकंदात सांगावा लागतो, म्हणजे तीन सेकंदांना ३०००, आणि स्क्रॉट या कमांडने चालणाऱ्या छोट्या टूलला सेकंदात. फ्लेमशॉटचा आकडा तसाच स्क्रॉटला दिलात तर ५० मिनिटं वाट बघत बसाल. वेलँडवर की आधी कंपोझिटरकडे जाते, त्यामुळे नोमच्या नव्या पडद्यात उघडे मेनू सरळ पकडता येतात.

दुसरा त्रास, कॉपी केलं, टूल बंद केलं, पेस्ट करायला गेलात तर क्लिपबोर्ड रिकामा. लिनक्सवर क्लिपबोर्ड ही काही ठेवायची पेटी नाही. ज्या प्रोग्रॅममधून कॉपी केलं तोच तो माल सांभाळत बसलेला असतो आणि पेस्ट करताना त्याच्याकडेच मागणी जाते. तो बंद झाला की माल गेला. म्हणून केडीईत क्लिपर आणि बाकीकडे एखादा क्लिपबोर्ड मॅनेजर चालू हवा, आणि तो चित्रंसुद्धा धरून ठेवतो ना ते सेटिंगमध्ये तपासा, कारण काहींत फक्त मजकूर ठेवायचं सेटिंग आधीपासून असतं.

इथपर्यंत झाली टूल्सची गोष्ट. पण खरं सांगायचं तर चित्र परत परत काढावं लागतं ते टूलमुळे नाही, समोरच्याला कळलं नाही म्हणून, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. त्यामुळे यावर थोडं थांबतो.

समजा कोणाला नवा प्रिंटर कसा जोडायचा ते दाखवायचंय. पहिल्यांदा आपण काय करतो, पूर्ण स्क्रीनचा फोटो काढतो, १९२० पिक्सेल रुंद, त्यात मागे ब्राउजर, वर घड्याळ, आणि मध्ये सेटिंग्जची खिडकी. तो चॅटमध्ये गेला की तिसऱ्या हिश्शाएवढा होतो आणि अक्षरं मुंगीएवढी. मी फोटो काढायच्या आधी ती खिडकीच लहान करतो, साधारण हजार पिक्सेल रुंद, मग फक्त खिडकीचा फोटो. अक्षरं तेवढीच राहतात आणि मोकळी जागा कमी होते, त्यामुळे चित्र छोटं झालं तरी वाचता येतं. हायडीपीआय, म्हणजे दाट पिक्सेलची, स्क्रीन असेल आणि स्केल २०० टक्के असेल तर चित्र दुप्पट पिक्सेलचं येतं, ते पाठवायच्या आधी निम्मं केलेलं बरं.

मग कापणं. लोक नुसतं ते बटण कापून पाठवतात आणि समोरचा विचारतो, हे आहे कुठे? कापताना एक ओळखीची जागा आत ठेवा, खिडकीचं नाव किंवा डावीकडची यादी. आता डावीकडच्या यादीत प्रिंटर या ओळीच्या उजव्या टोकाला मोकळी जागा आहे तिथे एक आकडा, वर अनलॉकच्या बटणाच्या शेजारी दोन, आणि जोडा या बटणाच्या शेजारी तीन. आकडा शब्दावर नाही, शेजारी. बाण काढलाच तर रिकाम्या जागेतून निघून बटणाच्या किंचित अलीकडे थांबला पाहिजे, टोक अक्षरांवर चढलं की ज्याच्याकडे बोट दाखवायचं तेच झाकलं जातं. एका चित्रात तीन-चार खुणांपेक्षा जास्त लागत असतील तर चित्रं दोन करा.

आणि वाक्यं चित्रात लिहू नका, अगदी मनापासून सांगतोय. चित्रातलं वाक्य कॉपी होत नाही, शोधता येत नाही, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसत नाही, आणि एक शब्द बदलायचा झाला तर चित्र नव्याने करावं लागतं. चित्रात फक्त १, २, ३, आणि खाली साध्या मजकुरात एकचा अर्थ, दोनचा अर्थ. रंगही एकच ठेवा. लाल आणि हिरव्याने बरोबर-चूक दाखवायची सवय सोडा, ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना दोन्ही खुणा सारख्याच. मी जाड लाल रेष वापरतो, आणि लाल पार्श्वभूमी असेल तिथे निळी, बस.

टर्मिनलवरच्या एररचा फोटो मात्र पाठवूच नका. मजकूर सिलेक्ट करा, कॉपी करा, पेस्ट करा. ज्याला मदत करायचीय त्याला ती ओळ शोधायची असते, फोटोवरून ती हाताने टाइप करायला लावणं बरोबर नाही.

आता झाकण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर परत घेता येत नाही. एका जुन्या कामात मी एका सर्व्हिसची पासवर्डसारखी गुप्त की असलेल्या पानाचा फोटो टीमबाहेर पाठवला होता, की वर पिक्सेलेट फिरवलं होतं, ठोकळे ठोकळे दिसत होते, मला वाटलं झाकलं गेलं. ठोकळे बारीक होते. एका सहकाऱ्याने चित्र थोडं लांबून बघितलं आणि पहिली पाच अक्षरं बरोबर सांगितली. की लगेच बदलली, पण त्या दिवसापासून गुप्त गोष्टीवर मी ब्लर किंवा पिक्सेलेट कधीच लावत नाही. आणि हे नुसतं डोळ्यांचं नाही, पिक्सेलेट केलेल्या मजकुरातून मूळ अक्षरं काढणारं डीपिक्स नावाचं मुक्त टूल २०२० पासून सगळ्यांना उपलब्ध आहे. तत्त्व सोपं आहे: फॉन्ट माहीत असेल तर एकेक अक्षर त्याच पद्धतीने पिक्सेलेट करून कुठलं जुळतं ते बघायचं. म्हणून भरीव, अपारदर्शक चौकोन. काळा हायलायटर चालत नाही, तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं.

याहून चांगली युक्ती म्हणजे झाकायची वेळच येऊ द्यायची नाही. वेबपेज असेल तर ब्राउजरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणाऱ्या भागात) जाऊन तो मजकूरच बदलतो, खऱ्या नावाच्या जागी खोटं नाव, खऱ्या कीच्या जागी एक्स एक्स एक्स, आणि मग फोटो. मॅन्युअलसाठी तर माझ्या मशीनवर वेगळं युजर अकाउंटच आहे, त्यात खोटा डेटा, साधा वॉलपेपर, नोटिफिकेशन बंद. फोटोच्या कोपऱ्यात कोणाचा तरी खासगी मेसेज आला असं तिथे होतच नाही.

कापण्यातही एक धोका असतो. २०२३ मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनवरच्या मार्कअप टूलने कापलेल्या चित्रांच्या फाइलीत कापलेला भाग शेपटासारखा शिल्लक राहत होता आणि तो परत काढता येत होता, विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. कारण जुन्याच फाइलवर नवी छोटी फाइल लिहिली आणि उरलेला भाग पुसला नाही. म्हणून काहीही महत्त्वाचं असेल तर जुन्या फाइलवर सेव्ह न करता नव्या नावाने करा, किंवा फाइल नाहीच, सरळ क्लिपबोर्ड.

फॉरमॅट पीएनजीच ठेवा. जेपेग फोटोंसाठी आहे, बारीक अक्षरांच्या कडेला त्यात धुरकट डाग येतात. साइझ फार मोठी वाटली तर पीएनजीक्वांट चालवा, ते रंग २५६ वर आणतं, साध्या खिडक्यांच्या चित्रात फरक दिसत नाही आणि फाइल बरीच लहान होते. पूर्ण लांबीचं वेबपेज हवं असेल तर तुकडे जोडत बसू नका, फायरफॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट एस दाबा, त्यात पूर्ण पान सेव्ह करायचं बटण आहे. लॉगिनची स्क्रीन किंवा इन्स्टॉलर दाखवायचा असेल तर तो व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बाहेरून फोटो काढायचा, अशी मशीन चालवणाऱ्या व्हर्ट मॅनेजरच्या मेनूत त्याची सोय आहे.

उलटा प्रकारही रोज लागतो, म्हणजे कोणीतरी एररचा फोटो पाठवलाय आणि मजकूर हवाय. त्यासाठी टेसेरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं टूल, मूळचं एचपीमधलं आणि २००५ पासून मुक्त. ग्रिम आणि स्लर्पने तो भाग पकडून पाइपने टेसेरॅक्टला द्यायचा, तिथून डब्ल्यूएल कॉपीला, मजकूर क्लिपबोर्डवर हजर. मराठीचा डेटा वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, मग भाषेच्या जागी मराठी अधिक इंग्रजी असं दोन्ही दिलं की मिश्र मजकूरही वाचतो. स्वच्छ स्क्रीनवरचं देवनागरी बऱ्यापैकी बरोबर येतं, जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र डोळ्यांखालून घालाच. अक्षरं बारीक असतील तर आधी चित्र दुप्पट मोठं करून द्या, फरक लगेच कळतो.

जी चित्रं ठेवायचीच आहेत त्यांच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, वेळ, म्हणजे नावाने लावली तरी तारखेने लागतात. आणि तात्पुरत्यांचं फोल्डर वेगळं, त्यावर तीस दिवसांपेक्षा जुनं पुसणारी एक ओळ रोज आपोआप चालते.

तुमच्या लॅपटॉपवर प्रिंटची की एफएन धरून दाबावी लागत असेल किंवा नसेलच, तर सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर स्क्रीनशॉटच्या गटात जाऊन ती सुपर (म्हणजे मेटाच) शिफ्ट एसवर बांधा. तिन्ही किज डाव्या हाताखाली येतात आणि उजवा हात माउसवरच राहतो, भाग निवडायला तयार.